‘ते आलं’ आणि ‘ते आले’

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या तालुक्याच्या गावी असरच्या नमाजनंतर मशिदीसमोरच्या मैदानात एक जनाजा आणून ठेवला गेला. तो एका तृतीयपंथी व्यक्तीचा होता. ही व्यक्ती तीस वर्षे गावच्या बाजारपेठेत वावरली होती. कुणाच्या घरी मूल जन्मले की दुआ द्यायला यायची, रमजानमध्ये मशिदीच्या दाराशी फळांची पाटी ठेवून मुकाट्याने बाजूला व्हायची. समोरच्या ओट्यावरून आम्हाला सारे दिसत होते, ऐकूही येत होते. सफा लागल्या. मुअज्जिनसाहेबांनी रिवाजाप्रमाणे पुकारा करण्याआधी विचारले, “मय्यत मर्द की है या औरत की?”

कुणीच बोलेना. मागच्या सफेत कुणीतरी फिस्सकन हसले. दोघा-तिघांनी माना खाली घातल्या. मग गावचे एक बुजुर्ग, ज्यांना सारेच चाचा म्हणतात, ते पुढे होऊन म्हणाले, “मय्यत बालिग मुसलमान की है, मौलाना. नमाज पढाइए.” इमामसाहेबांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले, मान हलवली आणि तकबीर म्हटली.

वाचकांच्या लक्षात आले असेल की वर आम्ही त्या मृत माणसाला ‘तो’ म्हटलेले नाही. ‘ती’ म्हटले ते ‘व्यक्ती’ या शब्दाचा आडोसा घेऊन. हा शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी आहे आणि बाई-पुरुष सर्वांना चालतो. लिहिताना अशी पळवाट मिळते. पण रोजच्या बोलण्यात, बाजारात, बसमध्ये, शाळेच्या हजेरीत, दवाखान्याच्या रांगेत कुणाला कोणत्या सर्वनामाने संबोधायचे हा प्रश्न अशा पळवाटेने सुटत नाही. अलीकडे तो फक्त तृतीयपंथी समाजापुरताही उरलेला नाही. आपल्याच घरांतली शिकणारी मुले म्हणू लागली आहेत की आम्हाला ‘तो’ नको आणि ‘ती’ही नको. आपण यावर हसतो, नाहीतर चिडतो. विचार करणारे थोडे. म्हणून हा लेख.

*

पहिली गोष्ट ही की हा प्रश्न आपल्या दीनी परंपरेला अनोळखी नाही. जनाजाच्या नमाजेचेच पाहा. आपल्याकडे बहुसंख्य हनफी मुसलमान प्रौढ मय्यतीसाठी जी दुआ पढतात तिच्यात जिवंत आणि मृत, हजर आणि गैरहजर, लहान आणि मोठे, पुरुष आणि स्त्रिया अशा सर्वांसाठीच माफी मागितलेली असते. चाचांच्या उत्तराने इमामसाहेबांचे काम भागले ते यामुळेच. मय्यत मुलाची किंवा मुलीची असेल तर मात्र दुआतले सर्वनाम बदलते, ‘हु’चे ‘हा’ होते. कोकणातले आपले शाफई बांधव प्रौढांसाठी जी दुआ पढतात तिच्यातही पुरुषाला एक आणि स्त्रीला दुसरे सर्वनाम येते. मग मय्यत कुणाची हे ठाऊकच नसेल तर? शाफई फिकहच्या ग्रंथांत याचे उत्तर आहे. पुल्लिंगी सर्वनाम ‘व्यक्ती’ या अर्थाने घ्यावे किंवा स्त्रीलिंगी सर्वनाम ‘जनाजा’ या अर्थाने घ्यावे, दोन्ही चालते. म्हणजे आम्ही वर ‘व्यक्ती’ शब्दाचा जो आडोसा घेतला, तोच मार्ग आपल्या फकीहांनी कित्येक शतकांपूर्वी सांगून ठेवला होता.

हनफी फिकहच्या ‘हिदाया’ या ग्रंथात खुन्सावर स्वतंत्र प्रकरण आहे. ज्याच्या शरीरावरून स्त्री की पुरुष हे ठरवता येत नाही तो खुन्सा. जमाअतीत त्याने पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या सफांच्या मध्ये उभे राहावे, असे तिथे सांगितले आहे. मशिदीबाहेर काढा असे सांगितलेले नाही, तर उभे राहायची जागा सांगितली आहे. कफनाविषयीचा विचार आम्हाला विशेष मोलाचा वाटतो. पुरुषाचे कफन तीन कपड्यांचे, स्त्रीचे पाच. खुन्साला पाच द्यावेत. का? तर मय्यत स्त्रीची असेल तर तिचा हक्क पुरा झाला, आणि पुरुषाची असेल तर दोन कपडे जास्त झाल्याने काही बिघडत नाही.

या विचारात फार मोठे शहाणपण आहे. ठाऊक नसेल तिथे अशी बाजू घ्यावी की कुणाच्या वाट्याला कमी येणार नाही. मेलेल्या माणसाच्या कपड्याबाबत जर इतकी काळजी घ्यायची, तर जिवंत माणसाच्या नावाबाबत, सर्वनामाबाबत का घेऊ नये?

*

आता मराठीकडे येऊ. मराठीला तीन लिंगे आहेत, ‘तो’, ‘ती’ आणि ‘ते’. म्हणून काहीजण म्हणतील, मराठीत अडचणच नाही, नपुंसकलिंग तयार आहे! पण अडचण नेमकी तिथेच आहे.

लहानग्यासाठी नपुंसकलिंग हे मायेचे असते. ‘बाळ झोपलं’, ‘लेकरू भुकेजलं’ असे आपण म्हणतो. अनोळखी माणसासाठी ते सोयीचे असते. दार वाजले की आपण ‘कोण आलं?’ असे विचारतो, ‘कोण आला?’ असे सहसा नाही. नवरा-बायको दोघे मिळून आली तर ‘ती दोघं आली’ म्हणतो. पण जाणत्या, ओळखीच्या, समोर उभ्या असलेल्या माणसाला नपुंसकलिंग लावले की ते शिवीसारखे लागते. ‘ते येडं’, ‘काय ते ध्यान’ असे आपण म्हणतो तेव्हा माणसाची वस्तू करतो. आमच्या बाजारपेठेत तीस वर्षे लोक त्या व्यक्तीकडे बोट दाखवून म्हणत, “ते बघ, ते आलं.” नाव कुणी घेत नसे. नाव कळले ते लाऊडस्पीकरवरून जनाजाचा ऐलान झाला तेव्हा. आणि ‘ते आलं’ म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो, हे इथे लिहिलेच पाहिजे.

पण मराठीत आणखी एक ‘ते’ आहे. वडील आले तर आपण ‘ते आले’ म्हणतो. सर आले, मौलाना आले, पाहुणे आले, सगळीकडे ‘ते आले’. अक्षरे तीच. छापील मराठीत तर ‘ते मूल आले’ आणि ‘ते गुरुजी आले’ यांत क्रियापदाचाही फरक दिसत नाही. बोलण्यात तेवढा ‘आलं’ आणि ‘आले’ असा फरक पडतो, ‘आहे’ आणि ‘आहेत’ असा फरक पडतो. एका ‘ते’मध्ये माणसाची वस्तू होते आणि दुसऱ्या ‘ते’मध्ये माणूस आपल्यापेक्षा मोठा होतो.

हे आदरार्थी बोलणे नीट तपासले तर लक्षात येते की त्यात लिंगाचा उल्लेख फार थोड्या जागी होतो. ‘त्याने’ आणि ‘तिने’ यांत फरक आहे, ‘त्यांनी’त नाही. ‘त्याला’ आणि ‘तिला’ यांत आहे, ‘त्यांना’मध्ये नाही. ‘त्यांचे’, ‘त्यांच्याशी’, ‘त्यांच्याकडे’ हे सारे बाई-पुरुष दोघांना सारखेच. फक्त ‘ते’ आणि ‘त्या’, ‘आले’ आणि ‘आल्या’ एवढ्याच ठिकाणी अडते. तिथे सर्वनामाऐवजी नाव घेता येते किंवा वाक्य वळवता येते. ‘त्या म्हणाल्या’ किंवा ‘ते म्हणाले’ याऐवजी ‘त्यांनी सांगितलं’ म्हटले की झाले. समोरच्याशी बोलताना ‘तू आलास’, ‘तू आलीस’ यात निवड करावी लागते, ‘तुम्ही आलात’मध्ये नाही. भविष्यकाळात तर ‘तो येईल’ आणि ‘ती येईल’ यांचे क्रियापद मुळातच एक आहे. कोल्हापूरकडच्या बाया सर्रास ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात आणि त्यामुळे त्यांच्या बाईपणाला काही बाधा आल्याचे ऐकिवात नाही.

हा लेख लिहिणारे ‘आम्ही’ बाई की पुरुष, हे आम्ही वाचकांना अजून सांगितलेले नाही. ‘आम्ही’ या सर्वनामाने ते सांगावे लागत नाही. त्यामुळे वाचकांचे काही अडले असेल असे वाटत नाही.

*

आपल्यातल्या अनेकांच्या घरात मराठीच्या जोडीला दखनी किंवा उर्दू असते. तिथे ‘वो’ म्हटले की बाई की बाप्या हे त्या शब्दावरून कळत नाही, क्रियापद येईपर्यंत थांबावे लागते. गझलेतल्या माशूकाला क्रियापद पुल्लिंगी लावायचा रिवाज जुना आहे. फारसीत तर ‘ऊ’ हे एकच सर्वनाम दोघांना, क्रियापदालाही लिंग नाही. तुर्कीत ‘ओ’, मलय भाषेत ‘दिआ’, आणि आपल्या शेजारच्या बंगालीत ‘शे’ व आदराने ‘तिनि’. जगातल्या मुसलमानांचा फार मोठा भाग अशा भाषा बोलतो की ज्यांत ‘तो’ आणि ‘ती’ हा भेदच नाही. तेव्हा ‘हे सगळे पश्चिमेकडून आलेले फॅड’ असे म्हणणाऱ्यांनी ढाका, इस्तंबूल आणि तेहरानकडे एकदा पाहावे. स्वीडिश अकादमीने ‘हेन’ हे सर्वनाम आपल्या शब्दसूचीत २०१५ साली घेतले. अमेरिकेच्या मेरियम-वेब्स्टर कोशाने एका व्यक्तीसाठीही वापरला जाणारा ‘दे’ हा इंग्रजी शब्द २०१९ साली ‘वर्षाचा शब्द’ ठरवला. फारसी बोलणाऱ्यांना यात बातमी ती काय, असेच वाटले असेल.

पण याच उदाहरणाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सर्वनामात भेद नाही म्हणून इराणात स्त्रियांना बरोबरीचे हक्क मिळाले असे झालेले नाही. बंगालीत ‘शे’ आहे म्हणून बंगालमधल्या हिजड्यांना सन्मानाची नोकरी मिळाली, असेही नाही. सर्वनाम बदलले की समाज बदलला, असा भाबडेपणा कुणी बाळगू नये. ज्याला घर भाड्याने मिळत नाही, त्याची भूक ‘त्यांना’ म्हटल्याने भागत नाही. २०११च्या जनगणनेत स्त्री-पुरुष याव्यतिरिक्त ‘इतर’ म्हणून ४,८७,८०३ जणांची नोंद झाली. या लोकांच्या आजा-पणज्यांच्या पिढीला इंग्रज सरकारने १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यात गोवले होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजीच्या निकालात त्यांना ‘तृतीय लिंग’ म्हणून मान्यता दिली आणि आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क माणसाचा स्वतःचा आहे असे सांगितले. त्यानंतर २०१९ साली संसदेने कायदा केला. निकाल आणि कायदे हवेतच. पण कायदा बाजारपेठेतल्या जिभेपर्यंत पोचत नाही. तिथे काम करते ती तहजीब. आणि ती बिनपैशाची, आज, आत्ता करता येण्यासारखी गोष्ट आहे.

*

आता जो आक्षेप खरोखर गंभीर आहे, त्याकडे वळू. आमच्या नात्यातले एक लेकरू पुण्यात शिकते. गेल्या ईदला घरी आल्यावर त्याने सांगितले की आपल्याला मुलगा किंवा मुलगी म्हणून नव्हे, नावाने हाक मारा, आणि पाठीमागे बोलताना ‘त्यांनी’, ‘त्यांना’ म्हणा. दादीमाँला यात काहीच अवघड वाटले नाही. त्या म्हणाल्या, “मैं तो सबकोच बेटा बोलती.” खरेच होते ते. नातींनाही त्या बेटाच म्हणतात. पण मामू संतापले. त्यांनी विचारले, “अल्लाहने दोनच केले, हा तिसरा कुठून आणला? उद्या नमाजेत कोणत्या सफेत उभे राहणार? आणि जे नाही ते आम्ही तोंडाने म्हणायचे, म्हणजे खोटे बोलायचे?”

मामूंचा प्रश्न टाळून चालणार नाही. फिकहमधला खुन्सा आणि आजचा हा तरुण जीव एकच, असे म्हणणे बरोबर होणार नाही. खुन्साचा विचार शरीरावरून होता, इथे सांगितले जाते ते मनाविषयी. स्त्रियांची नक्कल करणारे पुरुष आणि पुरुषांची नक्कल करणाऱ्या स्त्रिया यांच्याविषयी हदीसमध्ये कडक शब्द आले आहेत, हेही लपवण्याचे कारण नाही. मात्र त्याच परंपरेत इमाम नववींसारख्या विद्वानांनी मुद्दाम नक्कल करणारा आणि ज्याची घडणच तशी आहे असा, यांत फरक केला आणि दुसऱ्याला दोष दिला नाही. ‘अबू दाऊद’मध्ये एक रिवायत आहे. हातापायांना मेंदी लावलेल्या एका मुखन्नसला प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर आणले गेले. त्याला मदिनेबाहेर पाठवण्यात आले. त्याला ठार का करू नये, असे लोकांनी विचारले तेव्हा उत्तर मिळाले की नमाज पढणाऱ्यांना मारण्याची आपल्याला मनाई आहे. या रिवायतीत शिक्षा आहे हे खरे. पण जमावाचा हात जिथे अडवला गेला, ती रेषाही त्यातच आहे.

तेव्हा हुकूम काय, सफ कोणती, वारसा किती, हे प्रश्न उलेमांकडे न्यावेत. त्यांच्यात मतभेद आहेत आणि राहतील. पण अदब हा वेगळा विषय आहे. अदबीसाठी फतवा लागत नाही. आणि खोटे बोलण्याचा मुद्दा तर ‘त्यांनी’ या शब्दाला लागूच होत नाही. ‘त्यांनी’ म्हणताना आपण समोरच्याच्या शरीराविषयी काहीच साक्ष देत नाही. पुरुष आहे असेही म्हणत नाही, स्त्री आहे असेही नाही. आपण फक्त गप्प राहतो, आणि आदराने गप्प राहतो. ज्या गोष्टीचे आपल्याला ज्ञान नाही तिच्याविषयी गप्प राहणे हे कोणत्याही मजहबमध्ये पाप नाही. उलट सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत एकमेकांची टर उडवू नका, एकमेकांना टोचणाऱ्या नावांनी हाक मारू नका, अशी स्पष्ट ताकीद आहे. ‘ते आलं’ हे टोचणारेच नाव आहे, यात शंका घ्यायला जागा नाही.

*

आणखी एक आठवण या संदर्भात महत्त्वाची आहे. अरबीत पुल्लिंगी अनेकवचनात स्त्रियाही धरल्या जातात, तसा व्याकरणाचा नियमच आहे. तरीही हजरत उम्मे सलमा (र.) यांनी प्रेषितांना विचारले की कुरआनात पुरुषांचा उल्लेख होतो तसा आम्हा स्त्रियांचा का होत नाही? हदीसच्या ग्रंथांतील रिवायत सांगते की त्यानंतर सूरह अहजाबची पस्तिसावी आयत उतरली. तिच्यात दहा गुण आहेत आणि प्रत्येक गुणासाठी पुरुष वेगळे आणि स्त्रिया वेगळ्या, असे नाव घेऊन सांगितले आहे. व्याकरणात तुम्ही आलातच, मग वेगळे कशाला, असे उत्तर दिले गेले नाही.

या प्रसंगातून आम्ही दोन गोष्टी घेतो. एक, ज्याच्याविषयी बोलले जाते त्याला शब्दाबद्दल विचारायचा हक्क आहे, आणि विचारणाऱ्यावर रागावणे ही आपली सुन्नत नव्हे. दुसरी गोष्ट जरा उलट्या बाजूची आहे. उम्मे सलमांनी मागितला तो सर्वांना सामावणारा शब्द नव्हे, स्त्री म्हणून स्वतंत्र उल्लेख. ‘लेखिका’, ‘मुख्याध्यापिका’, ‘त्या म्हणाल्या’ हे शब्द आपल्या आया-बहिणींनी कष्टाने मिळवले आहेत. लिंगभेद नको या नावाखाली ते पुसून पुन्हा सगळीकडे ‘ते’ करायचे असेल, तर आमचा त्याला विरोध राहील. तृतीयपंथी समाजातल्याही कित्येकांना ‘ती’ आणि ‘त्या’ हेच शब्द हवे असतात. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन किंवा दिशा पिंकी शेख यांच्या कविता मराठी वाचकांना ठाऊक आहेत. त्यांच्याविषयी लिहिताना ‘त्या’ म्हणणेच योग्य. मुद्दा सर्वांना एक शब्द लावण्याचा नाही. ज्याला जो शब्द सन्मानाचा वाटतो तो ऐकून घ्यायचा, आणि ऐकायची संधी मिळालेली नसेल तर कुणाला कमी पडणार नाही असा शब्द वापरायचा. कफनाचे पाच कपडे लक्षात ठेवले की पुरे.

शब्द मागणाऱ्या तरुणांनाही एक विनंती आहे. साठ वर्षांची जीभ एका ईदमध्ये वळत नाही. मामूंच्या तोंडून जुना शब्द निघाला तर तो दरवेळी अपमान नसतो. कृत्यांचा हिशेब नियतीवर होतो, ही शिकवण दोन्ही बाजूंना लागू आहे. चुकले तर ‘माफ करा’ म्हणून पुढे जावे. मुद्दाम चुकवणे आणि चुकून चुकणे यांतला फरक दोघांनाही कळतो.

मामू अजून पूर्ण मानलेले नाहीत. पण परवा फोनवर त्यांनी विचारले, “त्यांची परीक्षा कधी संपते?” आम्ही तारीख सांगितली. शब्दाविषयी कुणीच काही बोलले नाही.

राहिली गोष्ट त्या जनाजाची. चाचांना फिकह किती येत होते, व्याकरण किती येत होते, ठाऊक नाही. विचारलेल्या प्रश्नात दोनच उत्तरे होती आणि त्यांनी तिसरे दिले. पण ते ऐकायला जिला हवे होते ती व्यक्ती तेव्हा कफनात होती. त्यांना हे उत्तर बाजारपेठेत, तीस वर्षे आधी, मिळायला हवे होते. ते द्यायला आमच्यापैकी कुणालाही कुणी अडवले नव्हते.